डोळ्यांनी प्रत, ग्रेटिंगने वर्णपट : चौदा महिन्यांची नोंद

गेल्या आठवड्यात माझे ताऱ्यांचे पहिले पाच वर्णपट तपासून निरीक्षकांच्या संस्थेने आपल्या संग्रहात दाखल करून घेतल्याचा निरोप आला. त्यांत दोन अभिजितचे आहेत, एक हंसातल्या डेनेबचा, एक स्वातीचा आणि एक शर्मिष्ठेतल्या गॅमा ताऱ्याचा. या कामाला मी मागच्या वर्षी १४ सप्टेंबरला सुरुवात केली. तेव्हा माझ्याजवळ एक जुनी द्विनेत्री आणि आकाशाचा छापील नकाशा एवढेच होते, आणि ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ठरवणे किंवा त्यांचा वर्णपट, म्हणजे रंगांत पसरलेला प्रकाश, वाचणे हे वेधशाळेतल्या लोकांचे काम आहे अशी माझी पक्की समजूत होती. मधल्या काळात मी कुठे अडले, किती थांबले आणि काय चुकले ते क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण सुरुवातीला मला नेमका असाच मजकूर हवा होता आणि तो मिळाला नव्हता.

प्रत या शब्दाचा अर्थ नीट न समजताच मी आकाशाकडे वळले होते, त्यामुळे पहिले दोन आठवडे वाया गेले. प्राचीन ग्रीक ज्योतिर्विदांनी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती मानल्या. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. टॉलेमीच्या यादीत ही विभागणी आढळते. १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी या जुन्या पद्धतीला गणिताची बैठक दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात नेमका शंभर पटींचा फरक असे त्यांनी सुचवले, आणि त्यामुळे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पटींचा ठरतो. हेच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि अखेरपर्यंत तिथेच काम करत राहिले, हे वाचून मला या मोजपट्टीबद्दल वेगळीच आपुलकी वाटू लागली. या पट्टीवर व्याधाची प्रत उणे १.४६ आहे, अभिजितची जवळजवळ शून्य आणि ध्रुवाची दोनच्या आसपास. आकडा वाढला की तारा मंद होतो, हे उलटे वळण अंगवळणी पडायला वेळ लागतो. दोन ताऱ्यांपैकी कोणता ठळक हे बघताच आकडा आपोआप उलट दिशेने लिहिला जाईपर्यंत मी रोज दहा जोड्यांचा सराव केला.

पहिला तारा म्हणून मी वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा तारा निवडला. त्याचे तेज बदलते हे जॉन गुडरिक यांनी १७८४ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी ओळखले होते. तो ३.५ ते ४.४ या प्रतींच्या दरम्यान वरखाली होतो आणि एक फेरी ५ दिवस ८ तास ४७ मिनिटांत पूर्ण करतो. चढताना तो घाईने चढतो, साधारण दीड दिवसात, आणि उरलेले दिवस सावकाश उतरतो. नवशिक्यासाठी तो सोयीचा आहे, कारण त्याच्या शेजारीच झीटा आणि एप्सिलॉन हे दोन स्थिर तारे आहेत आणि तिघांचा एक लहानसा त्रिकोण द्विनेत्रीच्या एकाच क्षेत्रात मावतो. झीटाची प्रत ३.४ आणि एप्सिलॉनची ४.२. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नकाशावर हे आकडे ३४ आणि ४२ असे छापलेले असतात. दशांशचिन्हाचा ठिपका नकाशावर तारा समजला जाऊ नये म्हणून तो मुद्दाम गाळतात. मला हे ठाऊक नव्हते आणि ‘चौतिसावी प्रत’ म्हणजे काय, हे शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

अंदाज कसा करायचा ते सविस्तर सांगते. अंधारात निदान वीस-पंचवीस मिनिटे बसून डोळे सरावू द्यावेत आणि वहीसाठी मंद लाल दिवा वापरावा. मग एक स्थिर तारा आपल्या ताऱ्यापेक्षा ठळक आणि दुसरा मंद असा निवडावा, आणि या दोघांमधल्या अंतरात आपला तारा कुठे बसतो ते ठरवावे. पहिल्या रात्री मला डेल्टा हा झीटापेक्षा बराच मंद आणि एप्सिलॉनपेक्षा किंचित ठळक वाटला. झीटापासून एप्सिलॉनपर्यंतचे अंतर चार भागांत वाटले तर तीन भाग उतरल्यावर डेल्टा येतो असे मी ठरवले. दोघांतला फरक ०.८ प्रतींचा, त्याचे तीन चतुर्थांश ०.६, म्हणून डेल्टाची प्रत ४.०. हा आकडा लिहिला तेव्हा माझा हात थरथरला होता, कारण ज्या गोष्टीला मी यंत्रांचे काम समजत होते ती मी डोळ्यांनी केली होती. सराव असलेल्या निरीक्षकाचा अंदाज साधारण ०.१ प्रतीच्या आत येतो. माझे पहिले अंदाज ०.३ पर्यंत इकडेतिकडे जात होते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

नोंदी पाठवण्यासाठी मी १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेकडे निरीक्षक-संकेत मागितला. त्यासाठी सभासद असावे लागत नाही आणि शुल्कही नाही. फक्त खाते उघडून अर्ज भरायचा असतो, आणि काही दिवसांत आपल्या नावावरून बनवलेला एक छोटा संकेत मिळतो. प्रत्येक नोंदीत ताऱ्याचे नाव, ज्यूलियन दिनांक, प्रत, वापरलेल्या दोन्ही तुलनाताऱ्यांचे आकडे आणि नकाशाचा क्रमांक द्यावा लागतो. आकाश उजळ होते, विरळ ढग होते किंवा तारा क्षितिजालगत होता, तर त्यासाठी ठरलेली एकेक अक्षरी खूण असते. ताराच दिसला नाही, तर दिसलेल्या सर्वांत मंद तुलनाताऱ्याचा आकडा ‘यापेक्षा मंद’ अशा चिन्हासह पाठवता येतो. ही सोय मला फार आवडली, कारण न दिसण्यालाही तिथे नोंदीचा मान आहे. नकाशाचा क्रमांक मात्र त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा. मी तो पहिल्या चार नोंदींत लिहिला नव्हता आणि नंतर शोधताना खूप वेळ गेला.

माझी मोठी चूक ज्यूलियन दिनांकात झाली. ही दिवसांची अखंड मोजणी आहे आणि तिच्यातला दिवस मध्यरात्री बदलत नाही, जागतिक (ग्रिनिचच्या) वेळेप्रमाणे दुपारी १२ वाजता बदलतो. उदाहरणार्थ, १ जानेवारी २००० च्या दुपारी हा आकडा बरोबर २४५१५४५.० होता. मी स्थानिक वेळेवरून जागतिक वेळ काढली, पण अपूर्णांक मात्र मध्यरात्रीपासून मोजला, आणि त्यामुळे माझी प्रत्येक नोंद अर्धा दिवस पुढे सरकली. अकरा नोंदी पाठवून झाल्यावर मी सगळ्या निरीक्षकांच्या नोंदींचा आलेख उघडला. त्यावर आपले बिंदू वेगळ्या रंगात पाहता येतात. ताऱ्याच्या उतरत्या भागात माझे बिंदू इतरांच्या बिंदूंत बऱ्यापैकी मिसळले होते, पण चढत्या भागात सगळे लोक वर गेले होते आणि माझे तीन बिंदू एकटेच खाली उभे होते. दीड दिवसाच्या चढणीत अर्धा दिवस म्हणजे तिसरा हिस्सा. डोळे चुकले असते तर सगळीकडे चुकले असते, फक्त चढणीवर नाही, हा विचार मनात आल्यावर मी तारखा पुन्हा तपासल्या आणि दोष सापडला. पाठवलेली नोंद नंतर दुरुस्त करता येते, तेव्हा अकराही नोंदी मी एकेक करून सुधारल्या. तेव्हापासून मी तयार गणकयंत्र वापरते आणि पहिला आकडा हाताने पडताळून घेते.

दुसरी चूक अधिक खोल होती, आणि माझ्या मते प्रत्येक निरीक्षकाने तिची धास्ती बाळगली पाहिजे. २ ऑक्टोबरला डेल्टा सर्वाधिक ठळक असणार असा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. बाहेर जाऊन पाहिले आणि शांतपणे ३.५ लिहिले. दोन दिवसांनी लक्षात आले की हिशेबात मी एका दिवसाने चुकले होते, आणि त्या रात्रीच्या इतरांच्या नोंदी ३.९ च्या आसपास होत्या. मी ताऱ्याकडे पाहिले होते, पण लिहिला होता माझ्या हिशेबातला आकडा. ती नोंद मी काढून टाकली आणि तेव्हापासून दोन नियम पाळते. पाहायला जाण्याआधी कोणतेही भाकीत काढायचे नाही आणि जुनी पाने उघडायची नाहीत. वहीत आधी फक्त दोन ताऱ्यांमधले भाग लिहायचे, प्रतीचे गणित आत आल्यावर करायचे.

नोव्हेंबरमध्ये मी ययाती तारकासमूहातल्या अलगोल या ताऱ्याकडे वळले. वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती ही सगळी नावे एकाच कथेतली, आणि आकाशातही ती मंडळी शेजारीशेजारी आहेत, म्हणून वाट चुकत नाही. अलगोल २.१ प्रतीचा असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी एक मंद तारा त्याच्यापुढून जातो, तेव्हा तो ३.४ पर्यंत उतरतो आणि पुन्हा वर येतो. हे ग्रहण सुमारे दहा तास चालते. अडचण अशी की दर खेपेला ग्रहणाचा मध्य घड्याळात सुमारे तीन तास अलीकडे येतो, त्यामुळे सोयीच्या वेळेची दोन-तीन ग्रहणे मिळतात आणि मग ती दिवसा होऊ लागतात. पहिल्या दोन संधी ढगांनी घेतल्या. तिसरी मिळाली, पण मी जवळचा ऱ्हो हा तारा तुलनेसाठी घेतला, आणि तो स्वतःच ३.३ ते ४.० असा बदलणारा तारा आहे. पाच तास थंडीत बसून काढलेल्या एकोणीस अंदाजांपैकी निम्मे त्यामुळे निकामी झाले. तुलनातारे फक्त अधिकृत नकाशावरूनच घ्यायचे, मग शेजारचा तारा कितीही सोयीचा दिसो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दर पंधरा मिनिटांनी एक असे अंदाज घेऊन पूर्ण दरी मिळाली, आणि आलेखाच्या दोन्ही बाजू जुळवून काढलेला मध्य प्रसिद्ध केलेल्या वेळेपासून अकरा मिनिटांवर आला.

जानेवारीत मृगातला काक्षी घेतला आणि तांबडे तारे किती फसवतात ते कळले. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो हळूहळू अधिक ठळक वाटू लागतो, तेव्हा नजर टाकायची आणि लगेच काढायची. त्याच्याशी तोलायला जवळ तितके ठळक तारे नाहीत, म्हणून प्रश्वा आणि रोहिणी घ्यावे लागतात, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर असतात. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो आणि त्यामुळे तो प्रतीच्या दोन-तीन दशांशांनी मंद भासू शकतो. म्हणून तिघांची उंची सारखी असेल अशी वेळ शोधली पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षी १.६ प्रतीपर्यंत मंदावला होता. ती घसरण जगभरच्या असंख्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी टिपली, हे आठवून मला या कंटाळवाण्या काळजीचे मोल वाटते.

मार्चपर्यंत माझ्याकडे शंभरावर नोंदी झाल्या होत्या आणि एक प्रश्न सतत टोचत होता. अभिजितची प्रत ०.०३ आणि डेनेबची १.२५, म्हणजे अभिजित तिप्पट ठळक दिसतो. पण अभिजित फक्त २५ प्रकाशवर्षांवर आहे आणि डेनेब हजार प्रकाशवर्षांच्याही बराच पलीकडे. सर्व तारे १० पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षे अंतरावर आणून ठेवले तर दिसेल ती निरपेक्ष प्रत. ती अभिजितसाठी ०.६ च्या जवळ येते, सूर्यासाठी ४.८३, आणि डेनेबसाठी मात्र उणे आठच्या आसपास. दोघेही पांढरे, दोघांचे तापमान जवळजवळ सारखे, आणि एक दुसऱ्याच्या हजारो पट तेजस्वी. माझ्या वहीतल्या आकड्यांमध्ये या फरकाचा मागमूस नव्हता. अंतर माहीत नसेल तर नुसत्या प्रकाशातून हे कळायची काही वाट आहे का, या प्रश्नाने मला वर्णपटाकडे नेले.

मे महिन्यात मी एका मिलिमीटरला १०० रेघा असलेले विवर्तन ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणारी रेघांची चकती, मागवले. ते फिल्टरसारखे कॅमेऱ्याच्या नळीवर फिरवून बसते. पहिल्या आठ महिन्यांत या छंदाला वेळ आणि झोप यांपलीकडे काही खर्च आला नव्हता. हे ग्रेटिंग साधारण दुर्बिणीच्या एका चांगल्या आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) किमतीत येते, आणि छोटी दुर्बीण व कृष्णधवल कॅमेरा असेल तर दुसरे काही लागत नाही. रंगीत कॅमेऱ्यावरही काम होते, पण साध्या कॅमेऱ्यातली गाळणी गडद तांबडा प्रकाश अडवते आणि हायड्रोजनची महत्त्वाची रेषा नेमकी तिथेच असते. ग्रेटिंग यायला काही आठवडे लागले आणि नंतरही बरेच दिवस आकाश उघडले नाही.

१९ जूनच्या रात्री अभिजित कॅमेऱ्यात आला. पडद्यावर डावीकडे ताऱ्याचा पांढरा ठिपका आणि उजवीकडे एक लांब धूसर पट्टा दिसत होता. पट्टा तिरका होता, म्हणून ग्रेटिंग थोडे थोडे फिरवून तो आडवा केला. मग फोकस हलवला. इथे एक गोष्ट सांगायला हवी: ठिपका नेमका करायचा नाही, पट्टा नेमका करायचा. ठिपका किंचित फुगला आणि त्याच क्षणी पट्ट्यात डाव्या टोकाकडे एक, दोन, तीन अशा काळ्या खाचा उघडल्या, डावीकडे जाताना एकमेकींच्या अधिकाधिक जवळ येणाऱ्या. त्या हायड्रोजनच्या रेषा होत्या. फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशा शेकडो काळ्या रेषा मांडल्या, आणि १८५९ मध्ये किरखॉफ व बुन्सेन यांनी त्या मूलद्रव्यांच्या खुणा आहेत हे दाखवले. हे सगळे मी अनेकदा वाचले होते. पण पंचवीस वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशातली खाच स्वतःच्या पडद्यावर उघडताना पाहिली, तेव्हा मला बराच वेळ बोलता आले नाही.

पुढचे काम टेबलावरचे. पट्ट्यातल्या प्रत्येक उभ्या स्तंभाची बेरीज करून आलेख काढायचा आणि मग पिक्सेलला तरंगलांबी द्यायची. माझ्या चित्रात ठिपका १४३ व्या पिक्सेलवर होता आणि हायड्रोजनची निळसर-हिरवी बीटा रेषा ६३२ व्यावर. तिची तरंगलांबी ४८६.१ नॅनोमीटर, अंतर ४८९ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला ०.९९४ नॅनोमीटर. या हिशेबाने ४३४.० ची गॅमा रेषा ५८० वर आणि ६५६.३ ची अल्फा रेषा ८०३ वर यायला हवी होती, आणि दोन्ही तिथेच होत्या. शिवाय ९०८ वर एक खोल खाच होती, जिचा हायड्रोजनशी काही मेळ बसेना. दोन दिवस मी ती ताऱ्याचीच समजत होते. मग स्वातीच्या आणि श्रवणाच्या चित्रांतही ती नेमकी त्याच जागी सापडली. ७६० नॅनोमीटरची ती खाच आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची आहे, आणि फ्राउनहोफर यांनी ज्या रेषेला ए हे पहिले अक्षर दिले ती हीच. आता मी ती मोजपट्टी पडताळण्यासाठी वापरते.

यानंतर माझे सहा आठवडे एका चुकीने खाल्ले. कॅमेरा सर्व रंगांना सारखी दाद देत नाही. अभिजितचा प्रकाश निळ्याकडे चढत जायला हवा, तर माझा आलेख हिरव्यात फुगला होता. उपाय असा की आपल्या अभिजितच्या आलेखाला त्याच प्रकारच्या ताऱ्याच्या प्रमाणित वर्णपटाने भागायचे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला पिकल्स यांचा १३१ वर्णपटांचा संग्रह त्यासाठी वापरतात. या भागाकारातून कॅमेऱ्याची प्रतिसादरेषा मिळते, आणि मग इतर ताऱ्यांचे आलेख तिने भागायचे. मी ते केले आणि स्वातीच्या आलेखात हायड्रोजनच्या ठळक रेषा दिसू लागल्या. स्वाती तांबूस, थंड तारा आहे. त्याच्यात या रेषा अशा असायला नकोत. तीन वेगवेगळ्या रात्रींच्या चित्रांतही तसेच आले, तेव्हा दोष रात्रीचा नाही हे उघड झाले. प्रमाणित वर्णपटातल्या रेषा माझ्या रेषांपेक्षा खोल आणि धारदार होत्या, त्यामुळे भागाकारात त्या जागी उंचवटे उरले होते, आणि त्या उंचवट्यांनी भागल्यावर प्रत्येक ताऱ्यात अभिजितच्या रेषांची छाप उमटत होती. प्रतिसादरेषा काढताना हायड्रोजनच्या जागा पुसून टाकायच्या आणि मधून गुळगुळीत वक्र काढायचा, एवढेच करायला हवे होते. ऑगस्टच्या शेवटी ते केले आणि स्वाती पुन्हा स्वातीसारखा दिसू लागला.

आता वर्णपटावरून ताऱ्यांचे वर्ग ओळखणे सुरू झाले. उष्णाकडून थंडाकडे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम सगळे पाठ करतात, पण तो असा विस्कळीत का, हे कळल्यावरच तो माझ्या डोक्यात बसला. हार्वर्डमध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८९० च्या यादीत दहा हजारांवर ताऱ्यांना मुख्यतः हायड्रोजनच्या रेषांच्या ठळकपणावरून अक्षरे दिली होती. पुढे अॅनी जंप कॅनन यांनी काही अक्षरे गाळून उरलेली तापमानाच्या क्रमाने लावली आणि त्यांच्याच हाताखालून सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण पार पडले. ए वर्गात हायड्रोजन सर्वांत ठळक दिसतो, पण त्या ताऱ्यांत तो अधिक असतो असे नाही. सुमारे १०,००० केल्व्हिनच्या आसपास हायड्रोजनच्या पुरेशा अणूंतले इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर असतात आणि या रेषा त्या पातळीवरूनच उमटतात. त्याहून उष्ण ताऱ्यात अणूंचे आयनीभवन होते, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सुटून जातात, थंड ताऱ्यात इलेक्ट्रॉन खालच्याच पातळीवर राहतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे समीकरण मांडले, आणि त्याच्या आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले की रेषा वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेक तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे.

स्वतःची परीक्षा घेण्यासाठी मी बारा ताऱ्यांच्या फाइलींची नावे काढून टाकली, क्रम मिसळला आणि पंधरा दिवस त्या बाजूला ठेवल्या. मग नुसत्या आलेखावरून वर्ग लिहिले. बारापैकी नऊ अक्षरे बरोबर आली. एम वर्ग सोपा आहे: टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांमुळे ज्येष्ठेचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो. माझा गोंधळ एफ आणि जी यांत झाला. तिथे हायड्रोजन मावळत असतो आणि कॅल्शियम व इतर धातू वर येत असतात, आणि माझ्या ग्रेटिंगला ते बारकावे पुरते सुटे करता येत नाहीत.

१६ सप्टेंबरला, सुरुवात केल्याला एक वर्ष आणि दोन दिवस झाल्यावर, अभिजित आणि डेनेब एकाच रात्री, एकाच जोडणीने घेतले आणि दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. उतार जवळजवळ सारखा, खाचा त्याच जागी. पण अभिजितच्या खाचा रुंद आणि खोल, तर डेनेबच्या इतक्या उथळ की बीटा रेषा शोधायला पट्टी लावावी लागली. अभिजित खुजा, म्हणजे तुलनेने लहान तारा, त्याच्या पृष्ठभागावर वायू दाटलेला. शेजारच्या विद्युतभारित कणांमुळे अणूंच्या पातळ्या ढळतात आणि रेषा पसरते. डेनेब महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेला तारा, त्याचे बाहेरचे थर अतिशय विरळ, म्हणून रेषा अरुंद राहते. अँटोनिया मॉरी यांनी १८९७ मध्ये अशा अरुंद रेषांच्या ताऱ्यांना वेगळी खूण दिली होती, हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ मध्ये त्या खुणेतून ते तारे अतितेजस्वी असल्याचे ओळखले, आणि १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी तेजाचे पाच वर्ग ठरवून दिले. मार्चमधल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन खाचांच्या रुंदीत होते. अंतर न विचारता कोणता तारा राक्षसी आहे हे एका बोटाएवढ्या ग्रेटिंगने सांगितले.

वर्णपट पाठवणे हे प्रत पाठवण्यापेक्षा किचकट आहे. फाइल फिट्स या खगोलशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या प्रकारात लागते आणि तिच्या शीर्षभागात ताऱ्याचे नाव, सुरुवातीची वेळ, एक्स्पोजर, उपकरण, पहिल्या पिक्सेलची तरंगलांबी आणि प्रत्येक पिक्सेलची वाढ अचूक भरावी लागते. तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये (नॅनोमीटरच्या दहाव्या भागात) मागतात. मी ती नॅनोमीटरमध्ये दिली होती, म्हणून पहिल्या खेपेला पाचही फाइली मला परत भराव्या लागल्या. तपासणीला तीन आठवडे गेले. तोपर्यंत कच्ची चित्रे जपून ठेवा, कारण शंका आल्यास सुरुवातीपासून पुन्हा काम करावे लागते, आणि माझ्याकडे डेनेबबद्दल तशी विचारणा झाली.

पाचवा वर्णपट शर्मिष्ठेतल्या गॅमाचा. इतरांत जिथे अल्फा रेषेची खाच असते, तिथे या ताऱ्यात उंचवटा आहे. आंजेलो सेक्की यांनी १८६६ मध्ये या ताऱ्यात हायड्रोजनची अशी तेजस्वी रेषा पहिल्यांदा पाहिली. ताऱ्याभोवतीची वायूची चकती तिथे स्वतः प्रकाश देते आणि ती चकती काळानुसार बदलत राहते. त्याची प्रतही बदलते, आणि तुलनेला त्याच तारकासमूहातले २.२ चा अल्फा आणि २.३ चा बीटा आहेत. म्हणून आता वहीत त्याच्यासाठी वेगळे पान केले आहे: एका ओळीत तारीख, डोळ्यांनी घेतलेली प्रत आणि ६५६.३ वरच्या उंचवट्याची उंची. काल रात्री पहिली ओळ भरली, प्रत २.१.